ब्राझीलचें संघराज्य : राज्यें आणि ‘मुनिसिपियो’

भूगोलाच्या पुस्तकांतील नकाशा उघडला म्हणजे प्रत्येक देश एका रंगानें रंगविलेला दिसतो, आणि त्या देशाच्या पोटांत बारीक रेघा ओढून त्याचे भाग पाडलेले असतात. परीक्षेपुरतीं त्या भागांचीं नांवें पाठ करावीं आणि पुढें विसरून जावीं, अशी बहुतेक विद्यार्थ्यांची रीत असते. परंतु त्या रेघा कोणीं ओढल्या, कशासाठीं ओढल्या, आणि रेघेच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाला पलीकडच्या माणसापेक्षां काय निराळें मिळतें, याचा विचार करूं लागलों म्हणजे तोच नकाशा बोलूं लागतो. गांवांतील शाळेचें छप्पर गळूं लागलें तर अर्ज कोणाकडे करावयाचा? देशाच्या राजधानीस, राज्याच्या राजधानीस, कीं गांवच्याच कचेरींत? या साध्या प्रश्नाचें उत्तर त्या रेघांत दडलेलें असतें. तें कसें, हें समजून घेण्यासाठीं प्रस्तुत लेखांत दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील या देशाचें उदाहरण घेतलें आहे.

संघराज्य म्हणजे काय?

राज्यकारभाराचे स्थूल मानानें दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत सर्व सत्ता एका मध्यवर्ती सरकारच्या हातीं असते. सोयीसाठीं तें सरकार प्रांत पाडतें, अधिकारी नेमतें, आणि मनांत येईल तेव्हां प्रांताचे अधिकार काढूनहि घेतें. घरांतील सर्व चाव्या एकट्या कर्त्याच्या कमरेस असाव्या आणि इतरांनीं मागून घ्यावें, तशी ही व्यवस्था. तिला एकात्म राज्य म्हणतात.

दुसऱ्या प्रकारांत भावाभावांचें वाटणीपत्र झालेलें असतें. घर एक, देवडी एक, शत्रूशीं लढावयाचें तें सर्वांनीं मिळून. परंतु कोणती खोली कोणाची आणि कोणत्या शेताचें उत्पन्न कोणीं घ्यावयाचें, हें कागदावर लिहिलेलें असतें. तो कागद एकट्या थोरल्या भावाला फाडतां येत नाहीं. या प्रकारास संघराज्य म्हणतात, आणि तो कागद म्हणजे देशाची राज्यघटना. अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें, कानडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, मेक्सिको हे देश या प्रकारांत मोडतात.

बहुतेक संघराज्यांत हें वाटणीपत्र दोघांमध्यें झालेलें असतें : एका बाजूस मध्यवर्ती सरकार आणि दुसऱ्या बाजूस राज्यें. गांवें आणि शहरें हीं राज्यांच्या ओटींत टाकलेलीं असतात. ब्राझीलची गोष्ट निराळी आहे. तेथें वाटणीपत्रावर तिसऱ्याचीहि सही आहे, आणि तो तिसरा म्हणजे गांव. हें कसें घडलें हें कळण्यास त्या देशाचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

वांटणीचा पहिला प्रयोग

ब्राझीलचा इतिहास हिंदुस्थानाशीं पहिल्याच पानावर जोडलेला आहे. वास्को द गामा 1498 सालीं कालिकतास पोहोंचला. त्याच्या मागोमाग पोर्तुगालच्या राजानें पेद्रो आल्व्हारेस काब्राल याच्या हाताखालीं दुसरें आरमार हिंदुस्थानाकडे धाडलें. तें आफ्रिकेला वळसा घालण्यासाठीं पश्चिमेकडे फार दूर गेलें, आणि 22 एप्रिल 1500 रोजीं त्याला अनोळखी किनारा दिसला. तोच ब्राझील. काब्राल तेथें थोडे दिवस थांबला आणि पुढें कालिकताची वाट चालूं लागला.

एवढ्या मोठ्या भूमीचा कारभार सातासमुद्रांपलीकडून कसा करावा, हा पोर्तुगालपुढें प्रश्न होता. तिसरा जॉन या राजानें 1534 पासून किनाऱ्याच्या पंधरा आडव्या पट्ट्या केल्या आणि त्या बारा सरदारांस वंशपरंपरा बहाल केल्या. नकाशावर फूटपट्टी ठेवून समुद्रापासून आंत सरळ रेघा ओढल्या होत्या. त्या रेघांखालीं डोंगर येतो कीं नदी येते, मूळचे रहिवासी कोठें राहतात, हें कोणीं पाहिलेंच नव्हतें. त्यामुळें पर्नाम्बुको आणि साओ व्हिसेंते अशा एकदोन पट्ट्यांचाच काय तो जम बसला; बाकीच्या बहुतेक फसल्या. शेवटीं 1549 सालीं राजानें सर्वांवर एक गव्हर्नर-जनरल नेमला आणि साल्व्हादोर येथें राजधानी वसविली. रेघ ओढणें सोपें असतें, ती माणसांच्या जीवनाला जुळणें अवघड असतें, हा या पहिल्या प्रयोगाचा धडा होय.

पण याच काळांत दुसरी एक संस्था मुकाट्यानें मूळ धरीत होती. मार्तिम आफोन्सो द सौझा यानें 1532 सालीं साओ व्हिसेंते हें गांव वसविलें आणि तेथें पोर्तुगालच्या रिवाजाप्रमाणें गांवचें मंडळ स्थापन केलें. त्यास ‘कामारा’ म्हणत. हाच मार्तिम आफोन्सो पुढें 1542 पासून 1545 पर्यंत गोव्यास गव्हर्नर होता, हें वाचून आपल्याकडील वाचकांस नवल वाटेल. ‘कामारा’ हा शब्दहि गोमंतकास परका नाहीं. पोर्तुगीज अमदानींत तेथील नगरपालिकांचें नांव ‘कामारा म्युनिसिपाल’ असेंच होतें. समुद्राच्या दोन टोकांस एकाच सांच्याच्या या संस्था उभ्या राहिल्या. बाजारभाव ठरविणें, रस्ते व पूल राखणें, पाण्याची सोय पाहणें, लहानसहान तंट्यांचा निवाडा करणें, हीं कामें कामाराकडे असत. अर्थात् तिच्यांत गांवचे जमीनदार व प्रतिष्ठित लोकच बसत. ऊंसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांस तेथें तोंड उघडण्याची सोय नव्हती. तरीहि ब्राझीलमध्यें राज्यांच्या आधीं गांवची संस्था जन्मास आली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

साम्राज्य, प्रजासत्ताक आणि हुकूमशाही

ब्राझील 7 सप्टेंबर 1822 रोजीं स्वतंत्र झाला, परंतु तो प्रजासत्ताक झाला नाहीं. पोर्तुगालच्या राजपुत्रानेंच पहिला पेद्रो हें नांव घेऊन बादशाही पद पत्करलें. 1824 च्या घटनेनें देश एकात्म ठेवला आणि प्रांतांचे अध्यक्ष बादशहा नेमूं लागला. 1828 सालच्या कायद्यानें गांवच्या कामारांचे पंख कापले गेले; प्रांताच्या परवानगीवांचून त्यांना कांहीं करतां येईनासें झालें. 1834 सालीं प्रांतांस कायदेमंडळें मिळालीं, पण सहा वर्षांतच त्यांच्याहि अधिकारास कात्री लागली.

1888 सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली आणि पुढच्याच वर्षीं, 15 नोव्हेंबर 1889 रोजीं, बादशाही संपली. प्रांतांचीं राज्यें झालीं. 1891 च्या घटनेनें अमेरिकेचा कित्ता गिरवून देशास ‘ब्राझीलचीं संयुक्त संस्थानें’ असें नांव दिलें. पण अमेरिकेंत आधीं निराळीं असलेलीं राज्यें एकत्र आलीं होतीं. ब्राझीलमध्यें आधीं एक असलेला देश वाटून राज्यें केलीं गेलीं. एक ओंवलेली माळ, तर दुसरें चिरलेलें फळ. दोन्ही देश संघराज्यच, पण जन्म उलट दिशेनें झाला.

कागदावर राज्यें स्वतंत्र झालीं, तरी सामान्य माणसाच्या वांट्यास फारसें आलें नाहीं. खेड्यापाड्यांतून बडे जमीनदार आपल्या कुळांचीं मतें मुठींत ठेवीत. त्यांना लोक ‘कर्नल’ म्हणत, मग त्यांनीं लढाई पाहिलेली असो वा नसो. स्त्रियांस मताचा अधिकार 1932 सालीं मिळाला, आणि निरक्षरांस तर 1985 पर्यंत वाट पाहावी लागली. सत्ता राजधानीपासून गांवापर्यंत उतरली म्हणजे ती आपोआप लोकांच्या हातीं येते असें नाहीं. ती गांवांतल्या एका वाड्यांतहि अडकून पडूं शकते.

1930 सालीं जेतुलियो व्हार्गास सत्तेवर आला. त्यानें 1937 सालीं हुकूमशाही जाहीर केली, कायदेमंडळें बंद केलीं आणि राज्यांवर आपले कारभारी नेमले. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत रिओ द जानेरो येथें मोठा समारंभ करून सर्व राज्यांचे ध्वज जाळण्यांत आले. देशांत यापुढें एकच ध्वज, असा त्याचा अर्थ. 1946 च्या घटनेनें राज्यांस त्यांचे ध्वज आणि अधिकार परत मिळाले. पण 1964 सालीं लष्करानें सत्ता बळकाविली आणि पुन्हा तेंच चक्र फिरलें. राज्यांचे गव्हर्नर लोकांच्या थेट मतानें निवडले जात नाहींसे झाले, आणि राज्यांच्या राजधान्यांचे नगराध्यक्ष वरून नेमले जाऊं लागले. लोकांनीं गव्हर्नर निवडण्याची रीत 1982 सालीं परत आली, आणि राजधान्यांच्या नगराध्यक्षांची निवडणूक 1985 सालीं.

या इतिहासांत एक गोष्ट वारंवार दिसते. ज्या ज्या वेळीं देशांत एकाची सत्ता आली, त्या त्या वेळीं पहिला घाव राज्यांवर आणि गांवांवर पडला. म्हणूनच 5 ऑक्टोबर 1988 रोजीं नवी घटना अमलांत आली तेव्हां घटनाकारांनीं वाटणीपत्र अधिक पक्कें केलें. देश हा संघ, राज्यें, संघीय जिल्हा आणि मुनिसिपियो या सर्वांचा मिळून झालेला आहे, आणि हे सर्व आपापल्या क्षेत्रांत स्वायत्त आहेत, असें त्यांनीं घटनेंत लिहून ठेवलें. संघराज्याची ही पद्धति रद्द करण्याचा ठराव घटनादुरुस्तीच्या मार्गानेंसुद्धां आणतां येणार नाहीं, अशीहि त्यांनीं तजवीज केली.

सव्वीस राज्यें व एक संघीय जिल्हा

ब्राझीलचें क्षेत्रफळ सुमारें 85 लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीच पटींहून अधिक आहे. 2022 च्या खानेसुमारींत लोकसंख्या सुमारें 20 कोटि 30 लक्ष भरली. या देशाचीं 26 राज्यें आहेत. त्यांपैकीं सर्वांत मोठें आमाझोनास. त्यांत महाराष्ट्रासारखीं पांच राज्यें मावतील. सर्वांत लहान सर्जिपे; तेंहि गोव्याच्या जवळजवळ सहापट आहे. राज्यांची संख्या सदैव एवढीच नव्हती. आक्रे हा प्रदेश 1903 च्या तहानें बोलिव्हियाकडून मिळाला आणि 1962 सालीं त्याचें राज्य झालें. माटो ग्रोसोचा दक्षिण भाग 1979 सालीं निराळा झाला. गोयासच्या उत्तर भागांतून टोकांटिन्स हें राज्य 1988 च्या घटनेनें निर्माण केलें, आणि त्याच घटनेनें रोराइमा व आमापा या केंद्रशासित प्रदेशांस राज्याचा दर्जा दिला.

प्रत्येक राज्यास स्वतःची घटना, लोकांनीं चार वर्षांसाठीं निवडलेला गव्हर्नर, एक सभागृहाचें कायदेमंडळ आणि स्वतःचीं न्यायालयें आहेत. पोलिसांचा मोठा भाग आणि माध्यमिक शिक्षणाचा मुख्य भार राज्यांकडे असतो. मध्यवर्ती सरकारकडे सैन्य, परराष्ट्रव्यवहार, नाणें, टपाल आणि दिवाणी व फौजदारी कायदे करण्याचें काम आहे.

राज्यांत कोणी मोठें, कोणी लहान. साओ पाउलो राज्याची वस्ती 2022 सालीं 4 कोटि 44 लक्ष होती, तर रोराइमाची साडेसहा लक्षांहूनहि कमी. मोठ्यानें लहानास गिळूं नये म्हणून सेनेट सभेंत प्रत्येक राज्यास तीनच जागा दिल्या आहेत. संघीय जिल्हा धरून एकूण 81. लोकप्रतिनिधींच्या सभेंत मात्र लोकसंख्येप्रमाणें जागा मिळतात. पण तेथेंहि कोणत्याहि राज्यास आठांहून कमी व सत्तरांहून अधिक जागा द्यावयाच्या नाहींत असा नियम आहे. त्यामुळें साओ पाउलोच्या एका मतापेक्षां रोराइमाच्या एका मताचें वजन कितीतरी अधिक पडतें. हें न्याय्य कीं अन्याय्य, याविषयीं ब्राझीलमध्यें मतभेद आहेत. वाचकांनींहि यावर विचार करावा.

संघीय जिल्हा म्हणजे राजधानी ब्राझिलिया आणि तिच्या भोंवतालचा प्रदेश. राजधानी किनाऱ्यावरून देशाच्या मध्यभागीं न्यावी, हें 1891 च्या घटनेंतच लिहिलें होतें. तें घडून आलें 21 एप्रिल 1960 रोजीं, कुबिचेक हे राष्ट्राध्यक्ष असतांना. लूसियो कोस्ता यांनीं नगराची आंखणी केली आणि ऑस्कार नीमायर यांनीं मुख्य इमारती उठविल्या. या जिल्ह्याचे मुनिसिपियो पाडूं नयेत असा घटनेचा निर्बंध असल्यामुळें राज्याचें आणि गांवचें अशीं दोन्ही कामें तेथील एकच सरकार करतें.

मुनिसिपियो म्हणजे काय?

आतां त्या तिसऱ्या सहीकडे वळूं. ‘मुनिसिपियो’ या शब्दाचें भाषांतर ‘नगरपालिका’ असें केलें तर वाचकांची फसगत होईल. आपल्याकडे नगरपालिकेची हद्द शहराबरोबर संपते आणि पुढें ग्रामपंचायतीची सुरू होते. ब्राझीलमध्यें तसें नाहीं. संघीय जिल्हा आणि पर्नाम्बुकोच्या अखत्यारींतील फेर्नांदो द नोरोन्या हीं बेटें सोडलीं, तर देशांतील प्रत्येक शेत, रान आणि वाडी कोणत्या ना कोणत्या मुनिसिपियोंत येते. मुख्य गांव, त्याच्या भोंवतालच्या वस्त्या, शेतें आणि जंगल मिळून एक मुनिसिपियो होतो. आपल्या तालुक्याएवढा मुलूख आणि त्यावर नगरपालिकेसारखें निवडलेलें मंडळ, अशी कल्पना केली म्हणजे बरेंचसें चित्र डोळ्यांपुढें येईल.

2022 च्या खानेसुमारीच्या वेळीं, संघीय जिल्हा आणि वरील बेटें हिशेबांत धरून, त्यांची संख्या 5,570 होती. एकट्या मिनास जेराइस राज्यांत 853, तर रोराइमांत अवघे 15. त्यांच्या आकारांतील तफावत पाहून मन थक्क होतें. पारा राज्यांतील आल्टामिरा हा मुनिसिपियो 1 लक्ष 59 हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून अधिक आणि ग्रीस देशाहूनहि विस्तीर्ण. साओ पाउलो शहराच्या मुनिसिपियोंत 2022 सालीं 1 कोटि 14 लक्ष माणसें होतीं. मिनास जेराइसमधील सेर्रा द साउदादे या मुनिसिपियोंत मोजून 833. परंतु घटनेच्या दृष्टीनें दोघांचा दर्जा एकच.

प्रत्येक मुनिसिपियोस ‘प्रेफेइतो’ म्हणजे नगराध्यक्ष असतो आणि निवडलेल्या सभासदांचें मंडळ असतें. त्या मंडळाचें नांव अजूनहि ‘कामारा’ हेंच आहे. वस्तीच्या मानानें सभासदांची मर्यादा 9 पासून 55 पर्यंत ठरविलेली आहे. मुनिसिपियो आपली छोटीशी घटना स्वतःच करतो. ती मंडळानें दोनदां, मध्यें निदान दहा दिवस जाऊं देऊन, दोनतृतीयांश मतांनीं मंजूर करावी लागते. मुनिसिपियोस स्वतःचें न्यायालय मात्र नसतें.

निवडणुकींविषयीं एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. सर्व मुनिसिपियोंची निवडणूक देशभर एकाच दिवशीं, दर चार वर्षांनीं होते, आणि ती देशाच्या मुख्य निवडणुकीच्या दोन वर्षें अलीकडे वा पलीकडे येते. त्यामुळें गांवचे प्रश्न देशाच्या गोंगाटांत बुडून जात नाहींत. 2020 सालीं करोनाची साथ आली तेव्हां ऑक्टोबरांतील निवडणूक नोव्हेंबरांत न्यावी असें ठरलें. परंतु तेवढ्या थोडक्या दिवसांसाठींहि घटनादुरुस्ती करावी लागली. तारीख पुढें ढकलणें कोणा एका अधिकाऱ्याच्या हातीं नव्हतें.

पैसा कोठून येतो?

अधिकार दिले आणि पैसा दिला नाहीं तर तो अधिकार भिंतीवरच्या चित्रांतल्या दिव्यासारखा असतो. म्हणून 1988 च्या घटनेनें करांचीहि वांटणी केली. प्राप्तीवरील कर आणि कारखान्यांतील मालावरील कर संघाकडे. मालाच्या विक्रीवरील मुख्य कर आणि वाहनांवरील कर राज्यांकडे. शहरांतील घरजमिनीवरील कर आणि सेवांवरील कर मुनिसिपियोंकडे. डिसेंबर 2023 मधील घटनादुरुस्तीनें विक्रीवरचा आणि सेवांवरचा कर यांच्या जागीं राज्यें व मुनिसिपियो यांचा एकच सामाईक कर आणावयाचें ठरविलें असून हा बदल 2033 पर्यंत टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा आहे.

परंतु जेथें चारदोन दुकानें आणि शेंदीडशें घरें आहेत तेथें घरपट्टी किती जमणार? यासाठीं संघाच्या प्राप्तिकर व मालावरील कर यांतून सुमारें चौथा हिस्सा काढून तो सर्व मुनिसिपियोंस वांटला जातो. लहान मुनिसिपियोंचा संसार बहुतांशीं याच पैशावर चालतो. या पैशाबरोबर बंधनेंहि आहेत. करांच्या उत्पन्नापैकीं निदान शेंकडा 25 शिक्षणावर आणि शेंकडा 15 आरोग्यावर खर्च केलेच पाहिजेत, असा मुनिसिपियोंस दंडक आहे. बालवर्ग, प्राथमिक शिक्षणाचा मोठा भाग आणि जवळचा दवाखाना हीं मुनिसिपियोचीं कामें होत. आरंभीं विचारलेल्या गळक्या छपराच्या प्रश्नाचें उत्तर ब्राझीलमध्यें असें मिळतें : शाळा प्राथमिक असेल तर बहुधा गांवच्याच कचेरींत अर्ज करावयाचा, आणि तेथें बसलेला माणूस आपल्याच गल्लींत राहणारा असतो.

पैसा कसा वापरावा हें ठरविण्यांत लोकांस थेट भाग देण्याचा एक प्रयोग दक्षिणेकडील पोर्तो आलेग्रे शहरानें 1989 सालीं सुरू केला. पेठापेठांतून सभा भरत. आधीं गटार कीं आधीं रस्ता, हें नागरिक बोलून ठरवीत. पुढें जगांतील अनेक शहरांनीं हा कित्ता गिरविला.

लहान असावें कीं मोठें?

या व्यवस्थेंत एक काटाहि आहे, आणि तो लपविणें अभ्यासकास शोभणार नाहीं. वर सांगितलेला पैसा वांटतांना, राज्यांच्या राजधान्या वगळून, दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी वस्तीच्या सर्व मुनिसिपियोंस एकाच राज्यांत सारखाच वाटा मिळतो. आतां गणित करून पाहा. आठ हजार वस्तीच्या एका मुनिसिपियोचे चारचार हजारांचे दोन केले, तर दोघांसहि पूर्ण वाटा मिळेल. पण राज्याच्या वांट्यास येणारी एकूण रक्कम ठरलेली असते. म्हणून हा जादा वाटा शेजाऱ्यांच्या पानांतून जातो. शिवाय दोन नगराध्यक्ष, दोन मंडळें, दोन कचेऱ्या यांचा खर्च वाढतो तो वेगळाच.

1988 च्या घटनेनें नवे मुनिसिपियो करणें राज्यांच्या हातीं दिलें होतें. 1991 सालीं देशांत 4,491 मुनिसिपियो होते. 2000 सालीं ते 5,507 झाले. नऊ वर्षांत हजारांहून अधिक! शेवटीं 1996 च्या घटनादुरुस्तीनें ही वाट जवळजवळ बंद केली. संबंधित सर्व लोकांचें मत घ्यावें, खर्च झेपेल कीं नाहीं याची आधीं तपासणी करावी, आणि हें सर्व देशाच्या कायद्यानें ठरविलेल्या मुदतींत व्हावें, अशा अटी तिनें घातल्या. पुढें 2019 सालीं याच्या उलट सूचना आली : ज्यांची वस्ती पांच हजारांहून कमी आणि स्वतःचें उत्पन्न अगदीं तुटपुंजें आहे, असे मुनिसिपियो शेजाऱ्यांत मिसळून टाकावे. ती सूचना मंजूर झाली नाहीं.

दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकण्यासारखें आहे. एक पक्ष म्हणतो, आठशें माणसांसाठीं निराळें सरकार ही उधळपट्टी होय. दुसरा म्हणतो, कीं आमचें गांव मोठ्या मुनिसिपियोच्या कोपऱ्यांत पडलें होतें तेव्हां नगराध्यक्ष आमच्याकडे फिरकतहि नसे; निराळे झालों तेव्हां दवाखाना आला, डॉक्टर आला. आल्टामिरासारख्या अवाढव्य मुनिसिपियोंत जंगलाच्या टोकाशीं राहणाऱ्यास कचेरी गांठण्यास दिवस मोडावा लागतो, हें त्याच्या विस्तारावरूनच कळून येईल. फार मोठें झालें तर हांक ऐकूं जात नाहीं. फार लहान झालें तर हांकेला धावून येण्याचें बळ नसतें. या दोहोंचा मेळ घालणें हीच खरी कसोटी.

कसोटीची घडी

तिघांच्या वाटणीपत्राची परीक्षा 2020 सालीं झाली. साथ पसरली तेव्हां दुकानें, शाळा व रहदारी बंद ठेवावी असें अनेक गव्हर्नरांस व नगराध्यक्षांस वाटत होतें. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांचें मत उलट होतें. मग शब्द कोणाचा चालावा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. 15 एप्रिल 2020 रोजीं न्यायालयानें निर्णय दिला, कीं लोकांचें आरोग्य राखणें हें संघ, राज्यें आणि मुनिसिपियो या तिघांचेंहि काम आहे. संघाच्या अधिकारामुळें इतरांचे अधिकार नाहींसे होत नाहींत. हुकूमशाहीच्या काळांत हा वाद उद्भवलाच नसता, कारण वाद घालण्यास दुसरें कोणी उरलेंच नव्हतें. तिघांच्या सह्यांची किंमत अशा वेळीं कळते. त्याचबरोबर हेंहि खरें, कीं तिघांचें एकमत नसलें म्हणजे गोंधळ होतो, आणि त्या गोंधळाची झळ सामान्य माणसास लागते.

आपल्याकडे पाहतां

भारतांतहि संघराज्याचीच पद्धति आहे; पण आपल्या घटनेनें स्थानिक कारभार हा विषय राज्यांच्या यादींत घातला आहे. 1992 मध्यें मंजूर होऊन 1993 सालीं अमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनीं पंचायती व नगरपालिका यांना घटनेंत स्थान मिळालें, दर पांच वर्षांनीं निवडणूक घ्यावी असेंहि ठरलें. तरीसुद्धां त्यांना कोणते अधिकार व किती पैसा द्यावयाचा, हें बव्हंशीं राज्येंच ठरवितात. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्यें संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथें निवडलेलें सभागृह नव्हतें. कारभार प्रशासकानें पाहिला. तेवढ्या काळांत ब्राझीलमध्यें देशांतील यच्चयावत् मुनिसिपियोंची एक निवडणूक ठरल्या दिवशीं, ऑक्टोबर 2024 मध्यें, पार पडली. कोणाची व्यवस्था चांगली हें एका उदाहरणावरून ठरविणें योग्य नव्हे. परंतु कागदावर नांव असणें आणि कागदावर सही असणें यांत अंतर आहे, एवढें यावरून दिसतें.

‘गांव करी तें राव न करी’ अशी आपली जुनी म्हण आहे. ब्राझीलच्या लोकांनीं ती कधीं ऐकली नसेल; पण साडेचारशें वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनीं आपल्या घटनेंत जवळजवळ तीच लिहून ठेवली. मात्र गांवानें करावयाचें म्हणजे गांवांतल्या माणसांनीं करावयाचें. ज्या सभेंत कोणी जात नाहीं, ज्या हिशेबावर कोणी नजर टाकीत नाहीं, ती सभा आणि तो हिशेब पुन्हा कोणा एका ‘कर्नला’च्या वाड्यांत जाऊन बसतो. यास्तव विद्यार्थ्यांनीं आपल्या ग्रामपंचायतीची वा नगरपालिकेची कचेरी एकदां तरी आंत जाऊन पाहावी. आणि पालकांनीं तीं मुलें परत आल्यावर तेथें काय पाहिलें हें त्यांना विचारावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

1. एकात्म राज्य आणि संघराज्य यांतील भेद स्वतःच्या शब्दांत सांगा.
2. अमेरिकेच्या व ब्राझीलच्या संघराज्यांचा जन्म ‘उलट दिशेनें’ झाला, असें कां म्हटलें आहे?
3. मुनिसिपियो आणि आपली नगरपालिका यांतील साम्य व भेद लिहा.
4. आठशें वस्तीच्या गांवास निराळा मुनिसिपियो असावा कीं नसावा? दोन्ही बाजूंचीं कारणें देऊन आपलें मत सांगा.
5. आपल्या गांवांतील पाणी, रस्ता, शाळा व दवाखाना यांपैकीं कोणती गोष्ट कोणत्या कचेरीकडे आहे, याची माहिती घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून तक्त्यांत मांडा.